गाडीतून न उतरलेल्या साहेबांस

साहेब,

तुमचं नाव मला माहीत नाही. तुम्ही आमच्या घराच्या नावापुढे एक अक्षर लिहून गेलात, ‘सी’, आणि त्या एका अक्षराचे पैसे मी सोळा वर्षं भरले. ओळखपाळख नसतानाही हे पत्र लिहायला तेवढं कारण पुरेसं आहे.

तुम्ही आमच्या गल्लीत आलात ते १९९१-९२च्या सुमाराला. माणशी सरसकट लावलेल्या पोल टॅक्सवर लोक खवळले होते, ३१ मार्च १९९० ला लंडनच्या ट्रफाल्गर चौकात दंगल झाली होती आणि सरकारला तो कर गुंडाळावा लागला होता. १ एप्रिल १९९३ पासून त्याच्या जागी कौन्सिल टॅक्स येणार होता. त्यासाठी इंग्लंडमधलं एकूण एक घर ‘ए’ ते ‘एच’ अशा आठ बँडांपैकी एकात बसवायचं होतं. १ एप्रिल १९९१ या दिवशी ते घर कितीला विकलं गेलं असतं, हा आधार. काम अफाट आणि वेळ थोडा, म्हणून खासगी सर्व्हेअर आणि इस्टेट एजंटही हाताशी घेतले गेले. त्यातले तुम्ही एक. हातात यादी, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये आणि काचेतून घरावर एक नजर. त्या मोजणीला लोक आजही ‘सेकंड गिअर व्हॅल्युएशन’ म्हणतात.

तुम्ही काय पाहिलंत ते सांगते. मिडलँड्समधल्या एका शहरातली लाल विटांची गल्ली, भिंतीला भिंत लागलेली घरं. आमच्या दाराला लागून एक कमान आहे. रस्त्यावरून पाहिलं तर कमान आमचीच वाटते, तिच्यावरची खिडकीही आमचीच वाटते, आणि घर शेजारच्यापेक्षा चार फूट रुंद दिसतं. पण त्या कमानीखालून मागच्या परसांकडे जाणारा बोळ आहे, तो चार घरांच्या सामाईक मालकीचा. वरची खोली शेजारणीच्या घरात उघडते. आमच्या घराचा ‘बी’चा ‘सी’ व्हायला दुसरं कुठलंही कारण मला सापडलं नाही. गाडीतून उतरून पाच पावलं टाकली असतीत, तर कचऱ्याचे चार डबे ओळीने दिसले असते आणि बोळ कोणाचा ते कळलं असतं.

तुम्ही उतरला नाहीत.

आम्ही २००४ साली त्या घरात भाड्याने राहायला आलो. पुण्याला घरपट्टी यायची ती बाबांच्या नावाने, घर त्यांचं म्हणून. इथे जो राहतो त्याने भरायचं, मग घर दुसऱ्याचं का असेना. एप्रिल ते जानेवारी दहा हप्ते जायचे. फेब्रुवारी आणि मार्च मोकळे, म्हणून मुलांचे शाळेचे बूट आम्ही त्या दोन महिन्यांत घ्यायचो. बिलावरचं अक्षर बरोबर की चूक, हा प्रश्न मनातही आला नाही. सरकारी कागदावर छापलेलं म्हणजे कोणीतरी मोजूनच लिहिलं असणार, अशी आमची श्रद्धा होती. साहेब, तुम्ही पैशाआधी तोडलीत ती ही श्रद्धा.

आता हिशेब. ‘डी’ बँडचे नऊ भाग धरले, तर ‘सी’चे आठ आणि ‘बी’चे सात. म्हणजे भरलेल्या दर आठ पौंडांतला एक पौंड आम्ही देणं लागतच नव्हतो. सोळा वर्षांत दोन वर्षांचा अख्खा कर. दोन वर्षांचे वीस हप्ते.

हे उघडकीला आणलं ते आमच्यानंतर त्या घरात आलेल्या मुलीने. २०२० साली आम्ही घर सोडलं आणि ती आली. तिने पहिल्याच बिलाला शेजारच्या घरांचे बँड पडताळून पाहिले. यादी सगळ्यांना खुली आहे, पत्ता घातला की अक्षर दिसतं. त्याच बांधणीची पाच घरं ‘बी’त आणि हे एकटं ‘सी’त. नव्या रहिवाशाला पहिल्या सहा महिन्यांत बँडला रीतसर आव्हान देता येतं. ती मुदत गेली की आधी भक्कम पुरावा द्या, मग बघू, असं उत्तर मिळतं. म्हणजे तुम्ही एका नजरेत लिहिलेलं अक्षर खोडायला आम्ही पुरावे गोळा करायचे. आणि आव्हान दिलं तर बँड वरही जाऊ शकतो, तुमचाच नव्हे तर शेजाऱ्यांचाही. या धास्तीने किती जण गप्प बसत असतील!

ती गप्प बसली नाही. तिने मला निरोप धाडला, आणि मी जुन्या शेजारणीकडे गेले. आजी आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांनी माळ्यावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढायला लावला. आत घराच्या खरेदीचा कागद, घडीवर फाटत आलेला. साल १९९०, किंमत ४६,५०० पौंड. ‘बी’ची हद्द ५२,००० पर्यंत, त्यापुढे ‘सी’. म्हणजे कमानीवरची जादा खोली धरूनही आजींचं घर ‘बी’त आणि ती खोली नसलेलं आमचं ‘सी’त! आजींनी बोटाने आकड्याखाली रेघ ओढली आणि म्हणाल्या, “मला कोणी विचारलंच नाही गं.”

काही महिन्यांनी निकाल आला. घर ‘बी’मध्ये, १ एप्रिल १९९३ पासून. मी जुना खाते क्रमांक आणि राहिल्याच्या तारखा कळवल्या, तेव्हा माझ्या सोळा वर्षांचे जादा पैसे परत आले. व्याज एक पेनीही नाही. आणि मी कळवलं म्हणून आले, मला शोधत कोणी आलं नाही.

साहेब, एकट्या तुमच्यावर सगळं ढकलण्याइतकी मी अन्यायी नाही. तुमची घाई झाकून ठेवणारे पुढे बरेच झाले. वेल्सने २००३च्या किमती धरून २००५ साली घरं नव्याने मोजली. इंग्लंडमध्येही फेरमोजणी ठरली होती, ती २००५ साली सरकारने पुढे ढकलली. आज नवं घर बांधलं, तरी ते १९९१ साली उभं असतं तर कितीला गेलं असतं, हेच विचारतात. तुमची गाडी अजून त्याच गल्लीत फिरते आहे.

पण एक माणूस फक्त तुमच्या खात्यावर आहे. आमच्याआधी त्या घरात एक सिल्हेटी काका भाड्याने राहायचे, उपाहारगृहात रात्रपाळीचे आचारी. आजी सांगतात, ते १९८८ पासून तिथे होते. तुमची गाडी गेली तेव्हा बहुधा दमून झोपले असतील. आम्ही आल्यावरही चार-पाच वर्षं त्यांच्या नावाची पाकिटं यायची. ‘इथे राहत नाहीत’ असं लिहून मी ती परत टपालपेटीत टाकायची. त्यांचा नवा पत्ता एकदाही विचारला नाही, याचं मला आज वाईट वाटतं. आजींना ठाऊक नाही, मालकाला ठाऊक नाही. बँड बदलल्याचं त्यांना कळणार कुठून, आणि न कळवता पैसे देणार कोण?

माझे पैसे मिळाले, म्हणून आपला हिशेब मिटला असं समजू नका. १९९३ ते २००४, अकरा वर्षं, आठातला एक भाग. काकांचा आकडा तुम्ही काढा. या वेळी गाडी थांबवून, खाली उतरून.

त्या घरातली एक माजी भाडेकरू