एवढ्यानं काय होतंय

आमच्याकडे चहाला कोणी खाण्यात धरत नाही. डॉक्टरांनी "दिवसभरात काय काय खाता?" असं विचारलं की माणूस सकाळचे पोहे सांगतो, दुपारची भाजी-पोळी सांगतो, रात्रीचा वरणभात सांगतो आणि थांबतो. उठल्या उठल्या घेतलेला चहा, पोह्यांबरोबरचा चहा, ऑफिसातला अकराचा, चारचा, आणि घरी आल्यावर "दमून आलीस, घोटभर घे" म्हणून हातात दिलेला कप, यातलं काहीच त्या यादीत येत नाही. मग तो अगदी मनापासून म्हणतो, "मी तसं काहीच खात नाही हो, तरी पोट सुटलंय." तो खोटं बोलत नसतो. ज्या खाण्याला आपण खाणं म्हणतच नाही त्यानं पोट सुटतं, आणि ते खाणं बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाच्या तरी हातून, प्रेमानं किंवा रीत म्हणून, आपल्यापुढे आलेलं असतं. माझी तक्रार त्याबद्दल आहे.

चहाचाच हिशेब घ्या. कपाला दोन चमचे साखर, साधारण दहा ग्रॅम. पाच कपांचे पन्नास. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलं की वरून घातलेली साखर, मध आणि फळांचे रस यांतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत राहिली पाहिजे, आणि ५ टक्क्यांच्या आत आणता आली तर आणखी चांगलं. दोन हजार कॅलरी खाणाऱ्याला ते १० टक्के भरतात पन्नास ग्रॅमला. बिस्कीट नाही, शिरा नाही, पेढा नाही, तरी नुसत्या चहात दिवसाची कमाल मर्यादा संपली. सकाळी अनशापोटी लिंबू-मधाचं पाणी पिऊन पोट उतरवू पाहणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं की त्या मर्यादेत मधही मोजलेला आहे.

साखर कमी करायची म्हटली तर करू देत नाहीत. आमच्या ऑफिसात किटलीतून येतो तो चहा साखर घालूनच उकळलेला असतो. बिनसाखरेचा मागितला की पहिला प्रश्न येतो, "शुगर आहे का तुम्हाला?" नाही म्हटलं की विचारणाऱ्याचा चेहरा मोकळा होतो आणि तोच गोड चहा पुढे येतो. आपल्या समाजात साखर नाकारण्याचा अधिकार रोग झाल्यावरच मिळतो. मधुमेह असेल तर सगळे समजून घेतात, वेगळा कप करतात, "पथ्य आहे त्यांना" असं आपण होऊन चारचौघांना सांगतात. तो होऊ नये म्हणून आजच नको म्हणणाऱ्याला मात्र नखरेल ठरवतात. मला हे फार लागतं. रोगाची वाट कशाला बघायची?

चहामागून खारी येते, टोस्ट येतो, फरसाणाची वाटी येते. खारीला ते पापुद्रे सुटतात ते मैद्याच्या थरांत लाटलेल्या वनस्पती तुपामुळे किंवा मार्जरीनमुळे, आणि तोंडात टाकल्यावर ती इतकी हलकी लागते की तीन कधी संपल्या ते कळत नाही. ऑफिसात कोणाचा वाढदिवस असला की केकबरोबर समोसा आणि वेफर्स. वीसपंचवीस माणसांच्या विभागात महिन्यातून दोन वाढदिवस धरलेलेच. शिवाय कोणाची बढती, कोणाची नवी गाडी, कोणाच्या मुलाचा निकाल. प्रत्येक वेळी तेच वाक्य ऐकू येतं: "एवढ्यानं काय होतंय?"

या वाक्यावर माझा राग आहे. ते म्हणणाऱ्याला समोरचा एकच तुकडा दिसत असतो, आणि त्या तुकड्यापुरतं त्याचं खरंही असतं. पण ते वाक्य सकाळी सासूबाई म्हणतात, अकराला सहकारी म्हणतो, संध्याकाळी शेजारच्या काकू म्हणतात, रविवारी मावशी म्हणते. प्रत्येकाचं "एवढंसं" ज्या पोटात जातं ते पोट एकच आहे, आणि बेरीज फक्त त्याच्याकडे होते.

लग्नाच्या पंगतीत हे जवळून बघायला मिळतं. यजमान जिलेबीचं ताट घेऊन येतात. पाहुणा पानावर दोन्ही हात आडवे धरतो, बोटं पसरतो, मान हलवतो. यजमान हसत थांबतात, मागच्याला म्हणतात, "अरे, यांना आग्रह झाला नाही वाटतं." पाहुणा उत्तर द्यायला मान वर करतो, हात जरा ढिले होतात, तेवढ्यात बोटांच्या फटीतून जिलेबी पानात पडलेली असते. आता टाकावी तर अन्नाचा अपमान, खावी तर पोट तुडुंब भरलेलं. तो खातो. माझ्या लहानपणी वर्षातून चारदोन पंगती व्हायच्या आणि गोडधोड सणालाच व्हायचं, तेव्हा आग्रहाला अर्थ होता. ज्याला एरवी पोटभर मिळत नव्हतं त्याला संकोच सोडून जेवता यावं म्हणून ती रीत पडली असेल. आता गोड रोज दारात उभं आहे. नको म्हणणाऱ्याचं नको एकदाच ऐकून ताट पुढे नेण्यात कसला कमीपणा आहे, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.

पण या सगळ्याहून मला जास्त डाचतं ते स्वयंपाकघरातलं खाणं, कारण ते कोणी बघतच नाही. रात्रीची जेवणं उरकल्यावर ओट्यापाशी जाऊन उभं राहावं. कढईत दोन चमचे भाजी उरलेली असते. ती डब्यात काढून फ्रिजमध्ये ठेवावी इतकी नसते आणि टाकवत तर नाहीच. भाताच्या पातेल्याच्या तळाला घासभर भात. मुलानं अर्धी खाऊन सोडलेली तूप-साखरेची पोळी. सासऱ्यांनी "आज भूक नाही" म्हणून ठेवलेला आमटीतला कांदा-बटाटा. घरातली बाई हे सगळं उभ्या उभ्या संपवते. तिचं जेवण आधीच झालेलं असतं. कढईला लागलेला मसाला ती पोळीच्या तुकड्यानं पुसून घेते, तो तुकडा तोंडात टाकते आणि भांडी घासायला घेते. विचारलं तर म्हणेल, "दोनच पोळ्या खाल्ल्या." तिनं पानात वाढून घेतल्या तेवढ्या तिनं मोजल्या. उरलेलं तिनं खाल्लं असं तिलाही वाटत नाही, ते तिनं आवरलं.

आणि याच बाईला घरातलीच माणसं, जी वाटीत दोन घास ठेवून उठतात तीच, चारचौघांत हसत म्हणतात, "तुझं पोट बघ जरा." राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत कमरेचा घेर पहिल्यांदाच मोजला गेला. त्या आकड्यांचं जे विश्लेषण पुढे छापून आलं त्यात पोटाची स्थूलता सुमारे ४० टक्के बायकांत आणि १२ टक्के पुरुषांत निघाली. याला कारणं पुष्कळ आहेत. बाळंतपणं आहेत, पाळी जाताना इस्ट्रोजेन कमी होतं आणि मांड्या-नितंबांवर साचणारी चरबी पोटाकडे वळते, व्यायामाला वेळ आणि जागा दोन्ही मिळत नाहीत. त्यात हे उरलंसुरलं संपवणंही धरा, असं माझं म्हणणं आहे. स्वयंपाक मोजून करणं आणि पानात घेतलेलं ज्याचं त्यानं संपवणं ही जबाबदारी सगळ्या घराची आहे. एकीनं आपल्या पोटाला कचऱ्याची टोपली करून ती निभावू नये.

उपासाबद्दल थोडंच लिहिते, कारण त्यावर लोक लगेच दुखावतात. एकादशी आणि दुप्पट खाशी, हे आपलेच पूर्वज सांगून गेले. साबुदाणा हा कंदातून काढलेला निव्वळ पिष्ट पदार्थ आहे: शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साडेतीनशेच्या आसपास कॅलरी आणि प्रथिनं जवळजवळ शून्य. वर बटाटा, तूप, दाण्याचं कूट, आणि जोडीला तळलेल्या पापड्या. उपास ज्यानं त्यानं श्रद्धेनं करावा, त्याबद्दल माझा काही वाद नाही. फक्त ज्या दिवशी "आज काही खाल्लं नाही" असं म्हणतो, त्या दिवशीचंही खाणं मोजावं.

मोजण्याचाच विषय निघाला आहे तर वजनकाट्याबद्दलची तक्रारही मांडते. दवाखान्यात शिरलं की आधी काट्यावर उभं करतात. टेप कोणी काढत नाही. आपल्या लोकांचं दुखणं काट्यावर नीट दिसत नाही हे पुण्यातच दाखवून झालं आहे. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं छायाचित्र छापून आलं. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. याज्ञिकांच्या गटानं पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं मोजली तेव्हा ती इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनानं बरीच कमी भरली. त्यांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, पण त्वचेखालची चरबी त्या मानानं फारशी कमी नव्हती. बारीक दिसणाऱ्या माणसाचंही पोट मोजायला हवं ते यासाठी. पोटाच्या आत, आतड्यांभोवती आणि यकृतात जी चरबी साचते ती चिमटीत सापडत नाही, आणि मधुमेहाशी, हृदयविकाराशी तिचंच नातं जास्त घट्ट आहे.

भारतीयांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा ठरलेली आहे: पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०. मोजायचं सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, टेप सगळीकडून आडवी ठेवून. पण पुरुष मोजतात पँटच्या मापानं. पोट पुढे येऊ लागलं की पँट खाली सरकते आणि पट्टा पोटाच्या खाली, कमरेच्या हाडांवर बसतो. तिथला घेर फारसा वाढत नाही. वर पोट चाळीस इंचांवर गेलं तरी माणूस दुकानात चौतिसाचीच पँट मागतो आणि ती त्याला बसते. बायकांच्या परकराची नाडी दर वेळी बोटभर सैल बांधली जाते, लेगिंगचं इलॅस्टिक तर मुकाट ताणत जातं. कपडे काहीच सांगत नाहीत. टेप दहापंधरा रुपयांना मिळते. ती प्रत्येक घरात आणि प्रत्येक दवाखान्यात काट्याच्या शेजारी टांगलेली असावी, एवढी साधी मागणी आहे.

राहिली रात्र. कल्याण-विरारहून लोकलनं येणाऱ्या माणसाचं जेवण दहाला होतं तो त्याचा नाइलाज आहे, त्याला मी काही म्हणत नाही. पण ज्या घरात सगळे सातला घरी असतात तिथेही जेवण साडेनऊच्या मालिकेसाठी थांबून राहतं, आणि साडेसातला लागलेली भूक शेव-चिवड्यावर भागवली जाते. म्हणजे दोनदा खाणं झालं आणि मोजलं एकदाच. तेच जेवण रात्री उशिरा घेतलं तर रक्तातली साखर दिवसापेक्षा जास्त चढते आणि उतरायला जास्त वेळ लावते. मग ताटावरून उठून सोफ्यावर, सोफ्यावरून गादीवर, हातात मोबाइल, झोप साडेबाराला. सहा तासांचीही झोप न झालेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी भूक जास्त लागते, आणि ती गोडाची, तळणाची लागते. अकराच्या समोशाची तयारी आदल्या रात्रीच झालेली असते.

जेवणानंतर शतपावली करावी हे आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं, आणि ते खरं आहे. जेवल्यावर पंधरा मिनिटं सावकाश चाललं तरी पायांचे स्नायू रक्तातली साखर वापरायला लागतात. पोटाला पट्टा बांधून किंवा नुसत्या उठाबश्या काढून पोटावरची चरबी तेवढी वेगळी काढता येत नाही, पण चालता येतं. चालायचं कुठे, हा प्रश्न आहे. आमच्या इमारतीभोवती पूर्वी चार हात रुंदीची फरसबंद वाट होती. नऊ वाजता तिथे आजीआजोबा, नव्यानं सून झालेल्या मुली, जेवून उतरलेली माणसं फेऱ्या मारायची. तिथे आता दुसऱ्या-तिसऱ्या गाड्या लागतात. बाहेर फुटपाथवर दुचाकी, आणि जिथे दुचाकी नाहीत तिथे उखडलेल्या फरश्या. साठीच्या बाईनं रात्री अंधारात तिथून चालावं असं मी तरी सांगू शकत नाही. सोसायटीच्या येत्या सभेत मी ही वाट मोकळी करून मागणार आहे, दिवसभर जमत नसेल तर रात्री आठ ते दहा तरी. आणि त्या सभेला चहा ठेवणार असाल तर साखर वेगळ्या वाटीत ठेवा.