निजलेल्याला जेवू घालणे

छत्रपती संभाजीनगरहून रात्री निघालेल्या माणसाला पुण्याला जायचं असो, मुंबईला की थेट लंडनला, त्याच्यापुढे प्रश्न एकच असतो: जेवायचं केव्हा आणि झोपायचं केव्हा? रात्र तेवढीच, आणि तिच्यावर ताट आणि उशी दोघांचाही दावा. या वादात प्रस्तुत लेखक उशीचा वकील आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. पोटाची व्यवस्था निघण्यापूर्वी जमिनीवर लावावी, वाटेत फक्त झोपावं, आणि निजलेल्याला जेवणासाठी उठवणं हा, उठवणारा कितीही गोड बोलला तरी, आगाऊपणा समजावा, एवढंच म्हणणं आहे. ते विमानाच्या बिझनेस क्लासलाही लागू करायचं आहे. त्या वर्गाशी लेखकाचा परिचय मोजकाच. मागच्या आपल्या आसनाकडे जाताना, पुढचा माणूस बॅग वर चढवेपर्यंत, त्या रुंद खुर्च्यांपाशी जेवढं ताटकळता येतं तेवढाच. पण खुनाच्या खटल्याचा निकाल द्यायला न्यायाधीशाला खुनाचा अनुभव लागत नाही. शिवाय ज्याला ती खुर्ची कधीच परवडणार नाही, त्याच्याइतका निःपक्षपाती माणूस मिळणार कुठे?

सुरुवात रेल्वेपासून करू, कारण तिथे हा वाद जवळजवळ मिटलेला आहे. देवगिरी एक्स्प्रेस संभाजीनगरहून रात्री उशिरा निघते आणि सकाळी मुंबईत सोडते. माणूस घरी पोळी-भाजी, वरण-भात जेवून, वर वाटीभर ताक पिऊन स्टेशनवर येतो, चादर अंथरतो आणि कल्याण-दादरच्या आसपास डोळे उघडतो. मनमाडला चहावाला ओरडतो खरा, पण तो सगळ्या जगाला उद्देशून ओरडतो, म्हणून त्याचा राग येत नाही. रेल्वेच्या नियमात रात्री दहा ते सकाळी सहा ही झोपेची वेळ चक्क लिहून ठेवलेली आहे. पूर्वी ती नऊला सुरू व्हायची. २०१७ साली ती दहावर आणली, म्हणजे जनतेच्या झोपेतला एक तास काढून घेतला, आणि त्यावर कुठे मोर्चा निघाल्याचं ऐकिवात नाही. घोरणाऱ्यांबद्दल नियमात अवाक्षर नाही, ही त्रुटी. तरीही झोप लागते, कारण या गाडीत रात्री कुणी आग्रह करत नाही.

आता ट्रॅव्हल्स. पुण्याला रेल्वेनं जायचं तर मनमाडचा वळसा पडतो, म्हणून रात्रीची स्लीपर बस. ती अकराच्या सुमारास बाबा पेट्रोल पंपावरून सुटते. त्या चौकाचं नाव महावीर चौक आहे, पण ते बसवाल्यांना अजून कुणी कळवलेलं दिसत नाही. वाळूजपर्यंत प्रवासी भरणं चालतं. मग पडदा एकदाचा नीट बसतो, ब्लँकेटचा वास सोसवू लागतो, डाव्या कुशीवर वळल्यास गुडघ्यांचं काय करायचं याचा निर्णय होतो आणि डोळा लागतो. नेमक्या त्या क्षणी, नेवासा फाटा ते नगर या पट्ट्यात कुठेतरी, बसमधले यच्चयावत दिवे पेटतात आणि क्लीनर पुकारा करतो, ‘चला, जेवण, चहा, नाश्ता! गाडी वीस मिनिटं थांबेल!’ घरून जेवून निघालेली तीस माणसं उठतात. का उठतात, हा अभ्यासाचा विषय आहे. पहिला लघुशंकेसाठी उठतो, दुसरा पहिला उठला म्हणून उठतो, तिसरा या दोघांच्या चपला आपल्या नाहीत ना हे बघायला उठतो, आणि चौथ्याला वाटतं की सगळे जेवताना आपण आडवं राहिलो तर लोक म्हणतील, खिशात पैसे नाहीत. खाली प्लास्टिकच्या खुर्च्या, डोळ्यांत खुपणाऱ्या ट्यूबलाइट आणि शेवभाजीवर तरंगणारा दोन बोटं तर्रीचा थर. रात्री दीड वाजता पनीर मसाला आणि तीन तंदुरी रोट्या मागवणारा माणूस भुकेला नसतो, भांबावलेला असतो. तेवढ्यात आवारात आणखी चार पांढऱ्या बसगाड्या येऊन उभ्या राहतात आणि हात धुऊन आलेल्याला आपली कुठली ते कळत नाही. एकजण चुकीच्या गाडीत चढून आपल्याच क्रमांकाच्या बर्थवर परका देह पाहून हबकतो. अखेर गाडी हलते. पुढचा तासभर सुप्याच्या प्रत्येक खड्ड्यागणिक रोटी वर येते आणि खाली जाते. शिक्रापूरला पुन्हा डोळा लागतो, आणि लगेच, ‘वाघोली, खराडीवाले पुढे या!’

या थांब्याला सरसकट शिव्या देण्याचा मोह आवरायला हवा, कारण तो प्रवाशासाठी नसतोच. तो ड्रायव्हरसाठी असतो. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती घालून दिली होती, आणि ती घालून देणाऱ्याला रात्रीचा रस्ता माहीत असणार. १ जुलै २०२३ च्या रात्री समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ पुण्याकडे निघालेल्या एका खासगी बसमधली २५ माणसं जळून गेली. त्यातली बहुतेक झोपलेली असतील. अपघाताच्या कारणांवर नंतर बरंच बोललं गेलं. पण रात्रीच्या बसमध्ये पुढे बसलेला एकजण टक्क जागा असणं, याहून मोठी सोय मागे निजलेल्यांना कुणी देऊ शकत नाही. त्या वीस मिनिटांत तो तोंडावर पाणी मारतो, भिंतीकडे तोंड करून जेवतो, घरच्या कुणाशी तरी हळू आवाजात बोलतो. त्याचा थांबा कुणी हिरावू नये. मागणी फक्त दिवे बंद ठेवण्याची आहे. त्याला जेवू द्या आणि आम्हाला अंधारात पडून राहू द्या. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत.

बिझनेस क्लासनं ढाब्याचा हा उपद्रव जसाच्या तसा उचलला आहे, फक्त वर टेबलक्लॉथ अंथरला आहे. संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाहून परदेशी जाणारं नियमित विमान नाही, त्यामुळे लंडनचा प्रवासी दुपारी घरी जेवून मुंबईला निघतो. संध्याकाळी तिथल्या नातेवाइकांकडे ‘तिकडे कुठे मिळणार’ म्हणून श्रीखंड-पुरी होते, आणि विमानतळावरच्या लाउंजमध्ये ‘तिकिटात आहे’ म्हणून आणखी काहीतरी. विमान सुटतं मध्यरात्र उलटल्यावर. त्याचं एक कारण असं की लंडनच्या हीथ्रो विमानतळाच्या आसपास राहणाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून तिथे रात्री साडेअकरा ते सकाळी सहा विमानांच्या ये-जा करण्यावर कडक मर्यादा आहेत. लंडनकरांनी स्वतःची झोप कायद्यानं राखली, आणि त्याची भरपाई आपल्या झोपेतून होते. विमान सरळ झालं की, म्हणजे आपल्याकडे काकडआरतीला उठायच्या बेताला, गरम रुमाल येतो. मग कोमट बदाम, मग पेय, मग सॅलड, पाव, मुख्य जेवण, चीज, गोड आणि शेवटी कॉफी. जिच्यातलं निम्मं कॅफीन पाच-सहा तासांनीही अंगात शिल्लक असतं, ती कॉफी झोपण्यापूर्वी प्यायला देणाऱ्याच्या हेतूबद्दल शंका घ्यायला जागा आहे. नऊ-साडेनऊ तासांच्या उड्डाणातले दीड-दोन तास या सोहळ्यात जातात, उतरण्याआधीचे तितकेच न्याहारीत. दुबईचं उड्डाण तर तीनच तासांचं. चढणं-उतरणं वजा केलं तर उरलेल्या दोन तासांत काट्या-चमच्यांनी जेवायचं की निजायचं?

बरं, ते जेवण चवीला उत्तम असतं, असं म्हणावं तर विज्ञान आडवं येतं. विमान उडतं पस्तीस-चाळीस हजार फुटांवर, पण आतला हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांवर असावा तेवढा ठेवतात. कळसूबाई ५,४०० फुटांची. म्हणजे प्रवासी महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखराहून उंच ठिकाणी, वाळवंटासारख्या कोरड्या हवेत, इंजिनाच्या घरघरीत जेवत असतो. लुफ्थान्सासाठी जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेनं २०१० च्या सुमारास जुन्या विमानाच्या तुकड्यात माणसांना बसवून, दाब कमी करून खायला घातलं. मीठ २० ते ३० टक्के आणि साखर १५ ते २० टक्के कमी जाणवते, असं दिसलं. टोमॅटोचा रस तेवढा वर जास्त रुचतो. म्हणजे पदार्थ अळणी लागतो आणि आचारी त्यात जास्तीचं मीठ घालून तो आपल्यापर्यंत पोचवतो. पोटातला वायू त्या दाबाला तीस टक्क्यांच्या आसपास प्रसरण पावतो, आणि जठर रात्री तसंही संथ चालतं. अशा पुरीसारख्या फुगलेल्या पोटानं त्या महागड्या बिछान्यावर पालथं निजून दाखवावं.

ही रीत आली कुठून, याचं उत्तर जुन्या विमानांत आहे. ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला निघालं, ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत. तेव्हा खुर्ची ही खुर्चीच होती, वेळ जाता जात नसे, आणि जेवण हीच करमणूक. पुढे २००० साली ब्रिटिश एअरवेजनं बिझनेस क्लासमध्ये पूर्ण सपाट होणारा बिछाना आणला. त्या दिवशी खरं तर स्वयंपाकघराला कुलूप लागायला हवं होतं. पण बिछाना नवा आला आणि पंगत जुनीच राहिली.

यावर पहिला आक्षेप अस्सल आपला: साध्या तिकिटाच्या तिप्पट-चौपट पैसे मोजले, मग जेवण का सोडायचं? या आक्षेपाचा लेखक मनोमन भक्त आहे. फुकट मिळणारी बडीशेप न घेता हॉटेलातून बाहेर पडणं ज्याला जमत नाही, त्यानं इतरांना वैराग्य शिकवू नये. पण हिशेबच करायचा तर नीट करावा. उत्तम जेवण जमिनीवर त्या फरकाच्या अगदी किरकोळ अंशात मिळतं. आकाशात आडवं होण्याची जागा मात्र त्या तिकिटाशिवाय कुठेच मिळत नाही. जास्तीचे पैसे आडवं होण्याचे आहेत, तेव्हा बसून घालवलेला प्रत्येक तास हा बुडालेला पैसा. दुसरा आक्षेप मधुमेह्यांचा आणि लहान मुलांचा. तो मान्य, त्यांना हवं तेव्हा द्यावं. तिसरा म्हणतो, हल्ली काही कंपन्या ‘मागाल तेव्हा जेवण’ देतात, कतार एअरवेजचं त्यासाठी नाव आहे, मग तक्रार कसली? तक्रार अशी की वीस जणांनी वीस वेळा मागितलं तर दीड-दोन तासांची खडखड रात्रभर पुरते, आणि मटणाच्या वासाला पडदा अडवत नाही.

चौथा आक्षेप खरोखर वजनदार आहे. उड्डाणानंतर लगेच जेवण देतात, कारण एकदा ते आवरलं की केबिन क्रूला आळीपाळीनं विश्रांती घेता येते. म्हणजे ढाब्याचं कारण विमानातही आहेच, फक्त ते ड्रायव्हरऐवजी पहाटे तीनला हसऱ्या चेहऱ्यानं ट्रे उचलणाऱ्या मुलीचं आहे. तिच्या टाचा दुखत असतात आणि तिचं स्वतःचं जेवण पडद्यामागे उभ्या उभ्या होतं. तिच्यासाठी तरी पंगत आधी उठायला हवी, हे कबूल. पण मग ती पंगत विमानात बसवायचीच कशाला? न्यूयॉर्क-लंडन या सहा-सात तासांच्या रात्रीच्या उड्डाणासाठी ब्रिटिश एअरवेजनं विमानतळावरच रीतसर जेवू घालायची सोय केली. प्रवासी चढतो आणि झोपतो. मुंबईत हे करायला काही अडचण नाही. आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी बोलावतातच, आणि त्या तीन तासांत पट्टा काढून पुन्हा घालण्यापलीकडे माणसाला दुसरं काम नसतं.

आपल्या जिल्ह्यात या प्रश्नाचा निकाल दोन हजार वर्षांपूर्वीच लागलेला आहे. अजिंठ्याच्या बारा क्रमांकाच्या लेण्यात बारा खोल्या आहेत आणि प्रत्येकीत दोन दगडी बिछाने, म्हणजे एकूण चोवीस. एअर इंडियाच्या ड्रीमलायनरमध्ये जुन्या मांडणीत बिझनेस क्लासची आसनं होती अठरा. लेण्यातले बिछाने पूर्ण सपाट आहेत, उशाशी उंचवटाही आहे. आणि भिक्खूंना दुपारनंतर जेवायचं नाही असा नियम असल्यानं, रात्री कुणी कुणाला ‘शाकाहारी की मांसाहारी’ विचारायला येत नसे.

आता राहिली तडजोड. काही विमान कंपन्या आसनावर चिकटवायला स्टिकर देतात: ‘जेवणासाठी उठवा’ किंवा ‘उठवू नका’. पहिलं लावलं तर झोप जाते, दुसरं लावलं तर पैसे. मराठी माणसासाठी तिसरं हवं: ‘उठवू नका, पण माझं झाकून ठेवा.’ एकदा गरम केलेलं जेवण तासन्‌तास ठेवता येत नाही, असं कंपन्या म्हणतील आणि ते बरोबरच आहे. म्हणून झाकून ठेवायला धपाटे असावेत. मराठवाड्यातले धपाटे दोन दिवस टिकतात, भट्टीत घालावे लागत नाहीत, आणि वर चव कमी लागते हा प्रश्न त्यांच्यातला ठेचा परस्पर सोडवतो. त्यांच्या लसणाच्या वासानं शेजारच्या खुर्चीवरचा जागा होईल, हा पाचवा आक्षेप मात्र राहतो, आणि त्याला सध्या तरी उत्तर सुचत नाही.