दोन प्रशासक, एक बेट

पॅसिफिक महासागरात ऑस्ट्रेलियाच्या ताब्यातलं नॉरफोक नावाचं बेट आहे. क्षेत्रफळ साधारण 35 चौरस किलोमीटर, वस्ती दोन हजारांच्या थोडी वर, रस्त्यावर पहिला हक्क गाईंचा. गाईंचा हक्क अजून शाबूत आहे. माणसांचं विचारू नका.

बेटावर कायदे मुख्यतः न्यू साउथ वेल्सचे. शाळा आणि दवाखान्याची व्यवस्था मात्र 2022 पासून क्वीन्सलंड बघतं. या दोन्हींपैकी एकाही राज्याच्या विधानसभेसाठी बेटकऱ्यांना मत नाही. मत आहे ते देशाच्या संसदेसाठी, आणि तेही जवळजवळ 1,900 किलोमीटरवरच्या राजधानी कॅनबेरातल्या बीन मतदारसंघात. शाळेत मास्तर कमी पडले तर ब्रिस्बेनमधल्या क्वीन्सलंड सरकारच्या तोंडाकडे बघायचं, राग काढायचा तर कॅनबेराच्या मतपेटीत. तिथल्या लाखभर मतांत तो कुणाला ऐकू जाणार, देव जाणे.

असं नेहमीच नव्हतं. 1979 च्या कायद्याने बेटाला नऊ सदस्यांची स्वतःची विधानसभा मिळाली होती. प्राप्तिकर शून्य. पुढे पर्यटक आटले, तिजोरीचा तळ दिसू लागला. 2010 मध्ये बेटाचं सरकारच कॅनबेराला म्हणालं, आम्हाला सावरा, आम्ही प्राप्तिकर भरतो. (आपण होऊन कर भरायला निघालेलं सरकार! जपून ठेवायला हवं होतं.) कॅनबेराने कर घेतलाच, वर विधानसभाही घेतली. मे 2015 मध्ये बेटाने सार्वमत घेतलं. 68 टक्के लोक म्हणाले, आमचं काय करायचं ते आम्हाला ठरवू द्या. त्याच महिन्यात संसदेने काय करायचं ते ठरवून टाकलं.

पेन्शन आली, सरकारी आरोग्यसेवा आली, हे खोटं नाही. विधानसभेच्या जागी 2016 मध्ये पाच जणांचं कौन्सिलही आलं. त्याचा पैशांचा मेळ बसेना, तेव्हा 2021 च्या सुरुवातीला ते निलंबित करून प्रशासक बसवला. गंमत अशी की कॅनबेराचा प्रतिनिधी म्हणून बेटावर एक प्रशासक आधीपासून होताच. आता बेटाचा एक, कौन्सिलचा एक. निवडून आलेला एकही नाही.

संसदेसाठीचं मतदान मात्र सक्तीचं आहे. चुकवलं तर दंड होतो.