जोडारी काका

पुण्यातल्या कुठल्याही वीस-पंचवीस वर्षं जुन्या सोसायटीत हे काका असतातच. पिंपरी-आकुर्डीच्या पट्ट्यात, मेंटेनन्स खात्यात, उभी हयात घालवून निवृत्त झालेले. शर्टाच्या खिशाला पेन नाही, टेस्टर. ओळख पटवायची खूण सोपी आहे. लिफ्ट बंद पडली की बाकीचे लोक जिन्याकडे वळतात, काका मशीनरूमची किल्ली मागतात. सोसायटीच्या सभेत पार्किंगवरून आवाज चढलेले असताना काका शांतपणे छताकडे बघत असतात. त्यांना वैराग्य आलेलं नसतं. पंख्यात खेळ झालाय, तो त्यांना दिसलेला असतो.

काकांना यंत्राची दया येते. माणसाची येत नाही असं नाही, पण माणूस बोलून दाखवतो, यंत्र बिचारं गुपचूप झिजतं, असं त्यांचं म्हणणं. या हिशेबात स्वतःचं शरीर मात्र ते माणसांच्या खात्यात टाकतात. त्यामुळे घरातल्या मिक्सरला, पंपाला, शिलाई मशीनला वेळच्या वेळी तेलपाणी मिळतं आणि काकांचे गुडघे ब्रेकडाउन होईपर्यंत कुणी उघडून बघत नाही.

ब्रेकडाउन यथावकाश होतो. एके काळी पर्वतीच्या १०३ पायऱ्या एका दमात चढणारे काका आता दुसऱ्या टप्प्यावर देखावा बघायला थांबतात. डॉक्टर एक्स-रे उजेडाला धरून सांगतात, "काका, कूर्चा झिजलीय. मांडीचे स्नायू बळकट करा. आठवड्याला दीडशे मिनिटं व्यायाम हवाच, जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते." काका विचारतात, "झिजलंय म्हणता, मग वापर कमी करायचा की वाढवायचा?" डॉक्टर उत्तर देतात, पण काकांना ते पटत नाही. फिजिओथेरपीचा कागद फ्रिजवर लागतो. आठवड्याभरात त्या कागदाचा एकच उपयोग झालेला असतो: तो धरून ठेवणारं चुंबक किती गॅपवरून पकडतं, हे काकांनी तपासून घेतलेलं असतं.

शेवटी बंगळुरूची मुलगी परस्पर ऑर्डर टाकते: रेकम्बंट बाइक. म्हणजे घरात बसून चालवायची, पाठीला टेका असलेली सायकल. पेडल खाली नाही, समोर. अंगाचा भार सीट आणि पाठ घेते, त्यामुळे गुडघ्यावर आणि कमरेवर ताण कमी येतो. आणि बसायला दांड्यावरून तंगडी टाकावी लागत नाही, खुर्चीत बसावं तसं बसायचं. मुलीला वाटतं, बाबांना व्यायामाचं साधन पाठवलं. प्रत्यक्षात तिने त्यांना नोकरी पाठवलेली असते.

खोकं येतं तेव्हा दोन वॉचमन आणि पार्सलवाला, असे तिघं मिळून ते घरात आणतात. खोक्यावर लिहिलेलं असतं की कंपनीचा माणूस येऊन जोडून देईल, वाट पाहा. हे वाक्य काकांच्या लेखी अपमानकारक. कंपनीचा माणूस फोनवर उद्याची वेळ देतो तोवर काकांनी हॉलमध्ये जुनी चादर अंथरलेली असते, आणि बोहरी आळीतून आणलेले पाने मापाप्रमाणे ओळीने मांडलेले असतात. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून विचारतात, "जेवायचं कुठे?" काका म्हणतात, "आज शटडाउन आहे."

माहितीपुस्तिका काका वाचत नाहीत, तपासतात. त्यातलं इंग्रजी चीनमधून आलेलं असतं, पण सुटे भाग हवेत तरंगताना दाखवणारी ती आकृती पाहून त्यांच्या चेहऱ्यावर तेज येतं. पुढचा आडवा पाय, मागचा आडवा पाय, मुख्य फ्रेम, सीटची पट्टी, पाठ, सीटच्या दोन बाजूंचे दांडे, वर डिस्प्ले. प्रत्येक बोल्ट आधी नुसता बोटाने फिरवून लावायचा, सगळे जागेवर बसले की मगच पान्याने आवळायचे, तेही एकदम नाही, समोरासमोरचे आळीपाळीने. शेजारचा इंजिनिअरिंगचा मुलगा मदतीला येतो आणि पहिलाच बोल्ट कचकचून आवळतो. काका तो उघडायला लावतात. "आधीच आवळलास तर दुसऱ्या भोकाची लाइन जमणार कशी? कॉलेजात शिकवतात तरी काय?" मुलगा सांगतो, "काका, मी कॉम्प्युटरला आहे." काका त्याला माफ करतात आणि बॅटरी धरायला देतात.

खरा कस डाव्या पेडलला लागतो. मुलगा ते नेहमीसारखं उजवीकडे फिरवायला जातो आणि काका ओरडतात, "थांब! आटे जातील!" डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते डावीकडे फिरवून बसवायचं. हे सांगून काका थांबले तर ते काका कसले. पेडल मारताना त्याच्या दांड्यावरचा दाब आट्यांच्या आत गोल फिरत राहतो आणि दांड्याला अगदी जरा जरा उलट दिशेला सरकवतो. डावीकडे साधे आटे दिले तर चालवता चालवता पेडल आपसूक उघडून पडेल. हे ते हातवाऱ्यांसकट, आमटी गार होईपर्यंत समजावतात. मग सेन्सरची वायर. फ्रेमचे दोन भाग जोडताना ती मध्ये चिमटली तर डिस्प्ले कायमचा मुका. इथे काका श्वास रोखतात आणि घरातल्या सगळ्यांना रोखायला लावतात.

लोकांच्या जोडणीत शेवटी दोन नट उरतात. काकांच्या जोडणीत चार जास्त लागलेले असतात. कंपनीने नुसता वायसर दिलेला असतो तिथे स्प्रिंग वायसर, जिथे काहीच नसतं तिथे चेकनट. मागच्या पायाखालची टोपणं फिरवून, स्पिरिट लेव्हलचा बुडबुडा मध्यावर आणून काका उठतात. उठताना गुडघा कट्ट करतो. काका दचकून सायकलकडे बघतात.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस येतो. तोंडी परीक्षा देऊन, चहा पिऊन जातो.

आता सायकल उभी राहिली म्हणजे काका चालवायला बसले, असं नाही. आधी तिचं संरक्षण करावं लागतं. "हे काय, आरामखुर्चीला पेडल लावलेत!" असं पहिल्या मजल्यावरचे कुणीतरी म्हणतातच. काका याचीच वाट पाहत असतात. "आरामखुर्ची? १९३३ साली पॅरिसमध्ये फ्रान्सिस फोर नावाच्या फ्रेंच गड्याने असल्याच टेकून बसायच्या सायकलवर तासाभरात ४५.०५५ किलोमीटर काढले. चार्ल्स मोशे नावाच्या माणसाने बनवलेली सायकल. आधीचा ४४.२४७ चा विक्रम १९१४ पासून कुणाला हलवता आला नव्हता. मग काय, आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने १९३४ मध्ये हा प्रकारच शर्यतीतून बाद केला. फार पळते म्हणून बंदी आलेली सायकल आहे ही!" समोरचा गप्प होतो. काकू आतून म्हणतात, "टेकून बसून काम करायचा शोध पुरुषानेच लावला असणार."

मग काका सायकलवर चढतात, पण कशासाठी, ते नीट समजून घेतलं पाहिजे. मुलगी फोनवर विचारते, "बाबा, रोज वीस मिनिटं करता ना? गुडघ्याला चांगलं असतं." काका हो म्हणतात. ते वीस मिनिटं खरोखर करतात, एक दिवस चुकवत नाहीत. पण गुडघा त्यांच्या डोक्यातही नसतो. नवं यंत्र उभं ठेवलं तर बेअरिंग जाम होतं, ग्रीस एका जागी बसतं, म्हणून ते रोज फिरवायला हवं. शिवाय रनिंग-इन आहे. चेतक स्कूटर घेतली होती तेव्हा सुरुवातीला चाळीसच्या वर नेली नव्हती, म्हणून तर ती नातवापर्यंत टिकली. तोच नियम इथे. पहिले पाचशे किलोमीटर पंधराच्या वर वेग नाही, ताणाचे आठ टप्पे असले तरी तिसऱ्याच्या पुढे नाही. स्वतःसाठी जे पाच मिनिटं केलं नसतं, ते काका बेअरिंगसाठी घड्याळ लावून करतात.

पेडल मारताना ते फ्लायव्हीलचा आवाज ऐकत असतात. टीव्ही लावू देत नाहीत. कुणी विचारलं की सांगतात, ताण वाढवायचं बटण फिरवलं की आतलं चुंबक चाकाच्या जवळ येतं. टेकत नाही, नुसतं जवळ येतं. धातूत एडी करंट तयार होतात आणि तेच चाकाला मागे ओढतात. "घासत काही नाही, म्हणून झिजत काही नाही." एवढं बोलून ते आपल्या गुडघ्याकडे पाहतात आणि म्हणतात, "इथे डिझाइन चुकलंय."

अर्थात वही आहे. तारीख, मिनिटं, किलोमीटर, ताण, शेरा. शेरा कधीच काकांविषयी नसतो. ‘उजवीकडे बारीक किर्र. सीटचा बोल्ट पाव आटा आवळला.’ डिस्प्लेवरच्या कॅलरींवर त्यांचा विश्वास नाही, कारण यंत्राने त्यांचं वजन विचारलेलंच नाही. काकूंना आणि त्यांना ते सारखाच आकडा दाखवतं. दांड्यावरच्या पट्ट्या तळहातांनी धरल्या की नाडीचे ठोके दिसतात. एकदा काकांनी धरल्या आणि आकडाच येईना. दुसरा कुणी घाबरला असता. काकांनी सेल बदलले. तरी येईना, तेव्हा हात ओले करून पुन्हा धरले, आकडा आला. वहीत शेरा पडला: ‘सेन्सर ठीक.’ आपण ठीक आहोत, याची नोंद त्यांना गरजेची वाटली नाही.

रनिंग-इन संपलं की प्रवास सुरू होतो. किलोमीटरची बेरीज करत काका पुण्याहून कोल्हापूरला निघतात. कात्रजला ताण पाच, शिरवळपर्यंत सपाट. खंबाटकीला मात्र ताण आठ, आणि घाम पुसायलासुद्धा उतरायचं नाही. परतीच्या वाटेला तिथे घाट नाही, बोगदा. म्हणून ताण एकवर आणि हॉलमधला दिवा बंद. काकू काळोखात भाजीची टोपली घेऊन उभ्या असतात आणि विचारतात, "बोगदा किती लांब आहे अजून?"

या संसारात काकांचा पराभव एकदाच होतो. नातू विचारतो, "आजोबा, यावर वीज तयार होईल का?" काका खुशीत येऊन गणित मांडतात. शंभर वॅटची ताकद लावून दहा तास पेडल मारलं की एक युनिट. नातू प्रभावित होतो. काकू गवार मोडता मोडता विचारतात, "आपला गीझर दोन हजार वॅटचा ना? तुमच्या आंघोळीला पंधरा मिनिटं लागतो, म्हणजे अर्धं युनिट. एका आंघोळीसाठी पाच तास सायकल." त्या दिवसापासून काका गीझर वेळेवर बंद करतात. काकांची रात्रीची पेपराची वेळ झाली की काकू चालवतात. वही लिहीत नाहीत, आवाज ऐकत नाहीत, मालिका बघतात. प्रत्येक फेरीची बेरीज केली तर आधी कोल्हापूर गाठून परत आलेल्या त्या असतात, काका कराडजवळ कुठेतरी ग्रीस बदलत असतात.

मग सहा महिन्यांनी डॉक्टरकडे फेरी होते. डॉक्टर काकांचा पाय वाकवून बघतात, सरळ करून बघतात, मांडीचा स्नायू चाचपतात.

"वा! फरक आहे. आता कसं वाटतंय?"

"एकदम स्मूथ."

"तो कट-कट आवाज यायचा, तो?"

"बंद झाला. थोडं ग्रीस भरलं."

डॉक्टरांचा हात थांबतो. गुडघ्यात वंगणाचं इंजेक्शन देतात हे त्यांना माहीत असतं, पण यांना कुणी दिलं? "कुठे केलंत हे?"

"घरीच. हॉलमध्ये."

"कुणी केलं?"

"मीच. दोन बोल्ट काढायचे, कव्हर उघडायचं, जुनं पुसून नवं भरायचं. तासाभराचं काम."

डॉक्टर काकूंकडे पाहतात. काकू शांतपणे सांगतात, "ते सायकलबद्दल बोलताहेत. गुडघ्याचं मला विचारा. तो सुधारलाय, फक्त त्यांना अजून कुणी कळवलेलं नाही."