हरकतीचा मुद्दा

टाकी गळते की नाही, याच्याशी उपविधीकाकांना देणंघेणं नसतं. दुरुस्तीच्या ठरावाला सूचक कोण, अनुमोदक कोण आणि दोघांपैकी थकबाकीदार कोण, एवढंच ते विचारतात. तोवर टाकी गळत राहते.

डोंबिवलीपासून कोथरूडपर्यंत सोसायटी म्हटली की असे एक काका निघतातच. आमचे दुसऱ्या मजल्यावर राहतात. सरकारी कचेरीत हिशेब तपासून निवृत्त झाले आणि आता आम्हाला तपासतात. आदर्श उपविधींच्या पुस्तिकेची पानं सुटलीत, म्हणून ती लाल फडक्यात बांधून सभेला आणतात. 2019 साली सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी 154-ब पासूनची नवी कलमं आली, याचा आम्हाला पत्ताही नव्हता. काका मात्र आठवडाभर कोणाशी बोलले नाहीत. 1960च्या अधिनियमातलं इतकं पाठांतर वाया गेलं होतं!

सप्टेंबर उजाडला की त्यांच्या चेहऱ्यावर तेज येतं. वार्षिक सभा 30 तारखेच्या आत व्हायला हवी, नोटीस 14 पूर्ण दिवस आधी. नोटीस लागताच काका बोर्डासमोर उभे राहून बोटांवर दिवस मोजतात. एक बोट कमी पडलं, तर त्यांचा तो दिवस सोन्याचा.

कोरम दोन तृतीयांश किंवा 20, यांतला जो आकडा कमी असेल तो. आमच्या 28 सभासदांत म्हणजे 19. दहाच्या सभेला दहा वाजता काका, वॉचमन आणि खुर्च्या एवढेच हजर असतात. कोरमअभावी सभा अर्ध्या तासाने भरली, तर तिला कोरम लागत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे खरी सभा साडेदहालाच असते. पण दहाची सभा विधिवत तहकूब झालेली बघायला कुणीतरी लागतं ना! काका ते बघतात, घड्याळ लावून.

मग मतदान. चौथ्या मजल्यावरच्या शेठजींचे दोन फ्लॅट. ते दरवर्षी दोन्ही हात वर करतात आणि दरवर्षी काका त्यांतला एक खाली करायला लावतात. "दोनदा मेंटेनन्स भरतो मी!" "भरा. मत एकच. भांडवलाची कंपनी नाही ही, सहकार आहे." हे बोलताना काकांचा आवाज भरून येतो, आणि खरं सांगायचं तर त्या वाक्यापुरते ते मला आवडतात. तळमजल्यावरच्या आजींनी एकदा अमेरिकेतल्या मुलाला व्हिडिओ कॉलवर आणून त्याचा हात वर करून दाखवला होता. "प्रॉक्सी चालत नाही," काका म्हणाले, आणि आजींनी बिचाऱ्याला हात खाली घ्यायला सांगितलं. तिकडे रात्रीचा एक वाजला होता.

एवढ्या अधिकारी माणसाला स्वतःचं मत मात्र धड नाही. फ्लॅट दोघांच्या नावावर, पण कर्ज निघालं काकूंच्या पगारावर, म्हणून भाग दाखल्यावर पहिलं नाव काकूंचं. आणि कायदा म्हणतो, पहिलं नाव सभेला हजर असेल तर मत त्याचंच. ते नसेल तेव्हा दुसऱ्याचं. त्यामुळे सभेच्या रविवारी काकूंना नाशिकला बहिणीकडे धाडायचा बेत जुलैपासूनच शिजू लागतो. तारीख कमिटीच्या आधी काकांना कळते ती त्यासाठीच.

यंदा बहीणच इकडे आली.

विषय होता पॅसेजमध्ये चपलांचं कपाट ठेवू द्यावं का. काका अर्धा तास विरोधात बोलले: सामायिक जागा, आग लागली तर जायचं कुठून, 'सभासदांनो, जरा विचार करा'. मुद्दे बिनतोड होते. मग हात मोजले. बाजूने 12, विरोधात 11. बारावा हात काकूंचा. शेजारी बसलेल्या बहिणीचाही हात वर गेला होता, तो तेवढा काकांनी मोजू दिला नाही.

काका उठले. "माझा विरोध इतिवृत्तात नोंदवा."

आमची सेक्रेटरी तिशीची, आयटीतली. नियम शिकली ती काकांच्या हरकतींना उत्तरं देता देता. तिने पेनही उचललं नाही. "काका, दाखल्यावरचं पहिलं नाव हजर आहे. आज तुम्हाला मतच नाही, तर विरोध कसला नोंदवू?"

काकांनी लाल फडकं सोडलं. पान काढलं, चष्मा कपाळावर चढवून दोनदा वाचलं. मग अगदी मऊ आवाजात काकूंना म्हणाले, "अगं, जरा चहाचं बघून येतेस का वर?"

"चहा आयत्या वेळच्या विषयांत घ्या," काकू जागेवरूनच म्हणाल्या.