बंपरला भगदाड

"अहो भाऊ, बी-विंगच्या चिरंजीवांनी नव्या गाडीचा बंपर कापला म्हणे!"

नागरी निवाऱ्यातल्या दोन सोसायट्यांमधली ही भिंत जेमतेम कमरेएवढी. अलीकडे वहिनी कपडे वाळत घालतायत, पलीकडे भाऊ कुंड्यांना पाणी घालतायत. भाऊंची उभी नोकरी बेस्टच्या वर्कशॉपात गेली. त्यामुळे आवारातल्या कुठल्याही गाडीला खोकला झाला तरी भाऊंना विचारल्याशिवाय कुणी बोनेट उघडत नाही.

"कापला नाही अजून, वहिनी. गॅरेजवाला पांढऱ्या खडूने खुणा करून गेलाय. ग्राइंडर यायचाय."

"हप्ते अजून बाप भरतोय आणि हा गाडीचं थोबाड फोडतोय! कशासाठी पण?"

"हवेसाठी. गाडी टर्बो डिझेल आहे ना. टर्बो हवा दाबून इंजिनात कोंबतो आणि हवा दाबली की तापते. बाहेर ३५ अंश असतील आणि दाब दुप्पट केला, तर टर्बोतून निघताना ती १३० अंशांच्या घरात गेलेली असते. तापलेली हवा विरळ, म्हणजे डिझेल जाळायला प्राणवायू कमी. म्हणून मध्ये इंटरकूलर असतो. त्यात ती ५० अंशांपर्यंत उतरली, तर तेवढ्याच जागेत पाव पट जास्त हवा मावते."

"मग बरोबरच आहे की पोराचं! भोक मोठं केलं की हवा जास्त."

"तुमच्या स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी आणि मागचं दार बंद. येतो वारा?"

"छे हो. घाम नुसता."

"तेच तर! समोर कितीही मोठं भोक पाडा, आत गेलेल्या हवेला मागून निघायला वाट पाहिजे. आणि इंटरकूलरच्या बारीक पात्यांमधून जायचं तिच्या जिवावर येतं. बाजूला बोटभर फट दिसली की तिथूनच सटकते. म्हणून कंपनी बंपरच्या तोंडापासून इंटरकूलरपर्यंत प्लास्टिकचा एअर गाईड बसवते आणि फटींना फोमची पट्टी लावते. त्याला म्हटलं, खुणा राहू देत, आधी आत बघू. खाली वाकून बॅटरी मारली, तर डाव्या बाजूचा गाईडच गायब! नुसत्या दोन तुटक्या क्लिपा लोंबकळत होत्या. जाळीत सुका पाला, गुटख्याची पुडी, मेलेले किडे, आणि खालची पाती दगड लागून चेपलेली."

"गाईड काय उंदराने नेला?"

"गेल्या वर्षी ओबेरॉय मॉलच्या सिग्नलला ठोकली नव्हती का? इन्शुरन्समधून बंपर नवा बसला, रंग चकाचक झाला. आतला प्लास्टिकचा तुकडा कोण बघतो? डेंटरने टाकला असेल भंगारात. वर चिरंजीवांनी हौसेने बुलगार्ड लावलाय, तो बरोब्बर खालच्या जाळीसमोर. म्हणजे वाट अडवायची आपणच आणि मग भोक पाडायचं, तेही आपणच."

"बुलगार्डला बंदी आहे ना हो?"

"डिसेंबर २०१७ मध्येच केंद्राने राज्यांना कळवलंय, कारवाई करा म्हणून. समोरच्या पादचाऱ्याला तो घातक, आणि ठोकर बसली तर एअरबॅगच्या सेन्सरचाही घोटाळा होतो."

वहिनींनी चिमटे तोंडातून काढून दोरीला लावले. "पण लोक करतात की. माझा भाचा अँबी व्हॅलीला शर्यती बघायला गेला होता. तिथे म्हणे एकेका गाडीच्या पुढ्यात जबडाच."

"व्हॅली रनचं वेगळं. ती विमानाची धावपट्टी, गाडी सरळ रेषेत जीव तोडून पळवायची. तिथे मोठा इंटरकूलर, पाईप, कॉम्प्युटरचं ट्यूनिंग, सगळं एकमेकांना जुळवून बसवतात. याचं कॉम्प्युटर कंपनीचंच, इंटरकूलर कंपनीचाच. मला सांगतो, 'काका, वेगात हवा आपोआप घुसते, पॉवर वाढते.' त्याला गणित मांडून दाखवलं. ताशी १०० किलोमीटरला समोरून येणाऱ्या हवेचा जोर वातावरणाच्या दाबाच्या अर्धा टक्काही भरत नाही. ३० ला तर त्याचाही अकरावा हिस्सा. आणि संध्याकाळी आपल्या हायवेवर ३० मिळाले तर नारळ फोडायचा!"

"मग मोठा इंटरकूलरच बसवून टाकायचा."

"त्याच्या मागे एसीचा कंडेन्सर, त्याच्या मागे रेडिएटर. पुढच्याने हवा तापवून सोडली की मागच्या दोघांना तीच गरम हवा. मग सिग्नलला एसी रुसतो."

"आणि ती टारझन गाडी? फिल्मसिटी शेजारी म्हणून आमच्या पोरांनी तो सिनेमा किती वेळा बघितला!"

"२००४ चा. गाडी दिलीप छाब्रियांनी बनवलेली, पण आतून टोयोटाची एमआर-२. तिचं इंजिन सीटच्या पाठीमागे, श्वास घेते दाराच्या मागून. तिचं तोंड बघून आपल्या गाडीचा बंपर कापायचा, याला काय म्हणावं!"

"दाखवायला बरं दिसतं हो."

"दिसू दे. पण त्याला एअर फिल्टरचा पाईपही खाली बंपरात उतरवायचा होता, थंड हवा मिळावी म्हणून."

वहिनींनी कपाळावर हात मारला. "आणि पावसाळ्यात मालाडचा सबवे?"

"तुम्हाला कळलं, त्याला कळेना! कंपनी पाईपाचं तोंड वर बोनेटजवळ ठेवते ते काय उगीच? हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी ओढलं गेलं की कनेक्टिंग रॉड वाकलाच, इंजिन उतरवायची पाळी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला, त्यानंतर गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या गॅरेजांबाहेर."

"पोलीस धरत नाहीत का अशांना?"

"मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीच्या मूळ नमुन्यापासून हटून बदल चालत नाही, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय. बेकायदा ठरलं तर एकेका बदलाला पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैदसुद्धा. बंपरची जाळी त्यात बसते का, हा वाद रस्त्यात हवालदाराशी घालायचा आणि पुढे विमावाल्याशी. शिवाय ग्राइंडर हातात असला की आतल्या लोखंडी बीमलाही लागतो. ठोकर खातो तो बीम, प्लास्टिक नाही."

"मग ठरलं काय शेवटी?"

"सकाळीच कुर्ल्याला गेलाय, सीएसटी रोडला, गाईड शोधायला. बुलगार्ड काढतोय. जाळी मी कमी दाबाच्या पाण्याने धुऊन देणार, पाती सरळ करणार, फोम लावणार."

"तुमचं ऐकलं म्हणजे! आईबापाचं तर ऐकत नाही."

"माझं कुठलं? कापकाम अधिक रंग, असा गॅरेजवाल्याने सांगितलेला आकडा ऐकला."

"आणि रात्री साडेबाराला तो फाडफाड आवाज काढत येतो, त्याचं काय? बिबट्या आला तरी इतकी झोपमोड होत नाही."

"तो सायलेन्सर. हवा आत घ्यायच्या आधीच बाहेर सोडायची सोय करून बसलाय."

"मग तक्रार करा की सोसायटीत! लेखी द्या सेक्रेटरींना."

"देतो की. पण वहिनी, सेक्रेटरी त्याचेच वडील आहेत, आणि सायलेन्सरचे पैसे त्यांनीच दिलेत."