फुलस्टॅक उमेदवार

मराठवाड्याच्या ऊसपट्ट्यात गेल्या दहा-बारा वर्षांत उदयास आलेल्या सामाजिक वर्गांपैकी वेब ॲप बांधायला शिकणारा तरुण हा अभ्यासकांच्या नजरेतून सर्वाधिक निसटलेला वर्ग म्हणावा लागेल, आणि त्याचे कारण बहुधा एवढेच की तो दिवसा फारसा दिसत नाही. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंकुशनगर हे त्याच्या निरीक्षणासाठी विशेष सोयीचे ठिकाण आहे. अंकुशराव टोपे यांचे नाव धारण करणारी ही वसाहत समर्थ सहकारी साखर कारखान्याभोवती वाढली. १९७६ साली पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाच्या डाव्या कालव्याने या तालुक्यात पाणी आणले, पाण्यामागून ऊस आला, उसामागून कारखाना, कारखान्यामागून पक्की घरे आणि मुलांच्या शिक्षणाला लागणारा पैसा, आणि त्या पैशामागून यथावकाश अभियांत्रिकीचा पदवीधर आला. हा पदवीधर घराच्या वरच्या खोलीत लॅपटॉप मांडून बसतो आणि काय करतोस असे विचारल्यास ‘फुलस्टॅक करतोय’ असे उत्तर देतो. फुलस्टॅक म्हणजे ॲपचा पडद्यावर दिसणारा भाग आणि पडद्यामागे माहिती साठवणारा व पुरवणारा भाग, असे दोन्ही एकट्याने बांधू शकणारा कारागीर. उमेदवार त्या पदावर अद्याप पोहोचलेला नसतो; तो ‘करत’ असतो.

वेब ॲप म्हणजे ब्राउझरमध्येच उघडणारे, परंतु नुसते वाचण्यासाठी नसून ज्यात माहिती भरता, बदलता आणि शोधता येते असे संगणकीय साधन, आणि ते ब्राउझरमध्ये हलते-बोलते ठेवणारी भाषा म्हणजे जावास्क्रिप्ट. ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीत अवघ्या दहा दिवसांत तयार केली. दहा दिवसांत तयार झालेली भाषा शिकायला पाच वर्षे का लागावीत, असा प्रश्न उमेदवाराचे वडील अधूनमधून विचारतात. प्रश्न रास्त आहे, मात्र उत्तर त्या दहा दिवसांच्या घाईतच दडलेले आहे. निव्वळ जावास्क्रिप्टमध्ये मोठे ॲप लिहिणे कष्टाचे असल्यामुळे पुढे फ्रेमवर्क निघाली, म्हणजे ॲपचा आराखडा, नेहमी लागणारे भाग आणि कामाची शिस्त आधीच ठरवून देणारे तयार सांगाडे. फ्रेमवर्क आणि साधी लायब्ररी यांतला भेद पाठ्यपुस्तकांत पुष्कळ क्लिष्ट करून सांगितला जातो, परंतु ऊसतोडणीचा व्यवहार ठाऊक असलेल्या माणसाला तो एका वाक्यात समजतो: लायब्ररी हा कोयता आहे, लागेल तेव्हा टोळीने स्वतः हाती घ्यायचा; फ्रेमवर्क हा मुकादम आहे, तो हंगामापूर्वी भरघोस उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो, आणि एकदा उचल घेतली की कोणत्या फडात, कोणत्या दिवशी, कोणत्या बाजूने तोडायला लागायचे हे तो सांगतो, टोळी नव्हे. उमेदवाराचे वैशिष्ट्य असे की तो एका मुकादमाची उचल फिटण्यापूर्वीच दुसऱ्याची घेतो.

या सवयीमुळे उमेदवाराची पिढी त्याच्या जन्मसालापेक्षा त्याने प्रथम हाती धरलेल्या फ्रेमवर्कवरून अधिक अचूक ओळखता येते. सर्वांत जुना थर अँग्युलरजेएसचा. गूगलचे हे फ्रेमवर्क २०१० साली आले, आणि त्याचे धडे जेमतेम पुरे करून जे पुण्यात कॉट बेसिसवर राहायला गेले, त्यांना सप्टेंबर २०१६ मध्ये असे कळले की त्याची नवी आवृत्ती मुळापासून पुन्हा लिहिण्यात आली असून जुन्याचे ज्ञान नव्याला फारसे लागू पडत नाही. पुढच्या वर्षी मार्चमध्ये दोननंतर एकदम चौथी आवृत्ती आली, तिसरी आलीच नाही. तरीही या थरातील काही जणांनी आपल्या बायोडाटात तिन्ही आवृत्त्यांचा अनुभव नमूद केल्याचे सांगतात. दुसरा थर रिॲक्टचा. फेसबुकने २०१३ मध्ये खुले केलेले रिॲक्ट स्वतःला लायब्ररी म्हणवते, पण अंकुशनगरापासून हिंजवडीपर्यंत सगळे त्याला फ्रेमवर्कच म्हणतात आणि वागतातही तसेच. या थराने रिॲक्टचे ‘क्लास’ पद्धतीचे लेखन पाठ केले आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘हूक्स’ नावाची नवी पद्धत आल्यावर ते विसरण्यासाठी तेवढाच काळ खर्च केला. व्ह्यू २०१४ चे, स्वेल्ट २०१६ चे, नेक्स्ट हे रिॲक्टवरचे फ्रेमवर्कही २०१६ चेच. मार्च २०२० च्या टाळेबंदीत पुण्याच्या खोल्या रिकाम्या होऊन जो थर गावी परतला, त्याच्यापाशी यांपैकी प्रत्येकाचे पहिले तीन धडे होते.

पहिल्या तीन धड्यांचा आशय सर्व फ्रेमवर्कांत सारखाच असतो, कारण जगभरच्या शिक्षकांनी नवशिक्यासाठी एकच ॲप मुक्रर केले आहे, ते म्हणजे करावयाच्या कामांची यादी. काम लिहावे, झाले की त्यावर खूण करावी, नको असल्यास काढून टाकावे, एवढीच त्याची व्याप्ती. एकच यादी निरनिराळ्या फ्रेमवर्कांत लिहून त्यांची तुलना करून दाखवणारा टुडूएमव्हीसी नावाचा प्रसिद्ध प्रकल्पही आहे. उमेदवाराच्या लॅपटॉपवर अशा याद्या चार-पाच तरी सापडतात, परंतु त्यांतील एकीतही त्याचे स्वतःचे एखादे काम नोंदलेले आढळत नाही. तिथे ‘दूध आणणे’ असते, आणि दूध तर घरचेच असते. शिकवणी यूट्यूबवर हिंदीतून, मूळ कागदपत्रे इंग्रजीतून आणि शंका मराठीतून अशी त्रिभाषा पद्धत पचवल्यामुळे तो धाकट्या भावाला समजावून सांगतानाही ‘तो अब हम क्या करेंगे’ अशी सुरुवात करतो आणि मग आपण अंबड तालुक्यात आहोत हे आठवून थांबतो.

उमेदवाराच्या निशाचर वृत्तीविषयी गावात बरेच गैरसमज असले, तरी तिची कारणे पूर्णपणे आर्थिक आहेत. मोबाइलच्या रिचार्जमध्ये मिळणारा दिवसाचा दीड-दोन जीबीचा कोटा मध्यरात्री नव्याने सुरू होतो, आणि नवा प्रकल्प आरंभताच नोड मॉड्युल्स नावाच्या फोल्डरमध्ये इतरांनी लिहिलेली शेकडो पॅकेजेस उतरवून घ्यावी लागतात. पॅकेज म्हणजे कोणीतरी एखादे बारीकसारीक काम करण्यासाठी लिहून सर्वांना फुकट दिलेला कोडचा तुकडा. हे तुकडे किती बारीक असावेत याला मर्यादा नाही: मार्च २०१६ मध्ये एका लेखकाने रागाच्या भरात आपले अकरा ओळींचे लेफ्ट-पॅड नावाचे पॅकेज मागे घेतले, तेव्हा मजकुराच्या डावीकडे रिकाम्या जागा भरण्यापलीकडे काहीही न करणाऱ्या त्या ओळींवाचून जगभरातील असंख्य प्रकल्पांची बांधणी अडली. अशा अवाढव्य सामग्रीसाठी उमेदवार रात्री बाराची वाट पाहतो. आणि शेतीपंपांच्या थ्री फेज विजेची पाळी रात्रीची असेल त्या आठवड्यात वडीलही बॅटरी घेऊन उसाला पाणी द्यायला त्याच सुमारास निघतात. बाप आणि मुलगा यांची निवांत भेट होण्याची वेळ बऱ्याच घरांत हीच उरली आहे.

“झालं का रं तुझं ते?”

“होत आलंय, आबा. बॅकएंड राहिलंय.”

बॅकएंड म्हणजे पडद्यामागचा भाग; तो सदैव राहिलेलाच असतो. तरीही समोरचा भाग एखाद्या पहाटे उभा राहतो आणि लोकलहोस्ट ३००० या पत्त्यावर ॲप उघडते. लोकलहोस्ट हे संगणकाचे स्वतःलाच उद्देशून असलेले नाव असून त्या पत्त्यावरचे ॲप त्याच एका यंत्रावर दिसते, हे उमेदवाराला माहीत असते, पण आनंदाच्या भरात तो दुवा भावकीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकतो. पुण्याचा आतेभाऊ दुवा दाबतो तेव्हा त्याचा फोन स्वतःच्याच पोटात ॲप शोधतो आणि पांढरा पडदा दाखवतो. चुलत्यांना रिचार्ज संपल्याची शंका येते. आणि तरीही आत्या, मावशी व दोन मेहुणे मिळून सात अंगठे आणि चार गुलाब गटावर उमटतात. ॲप न पाहता मिळणारी ही दाद उमेदवाराच्या कारकिर्दीतली बहुधा एकमेव लोकमान्यता असते, आणि ती खरी मानण्याची चूक तो निदान आठवडाभर करतो.

या वर्गाला आळशी ठरवणारे मत मात्र वस्तुस्थितीला धरून नाही. तो कष्टाळू असतो. त्याची अडचण निराळी असते. शिकणे चालू आहे तोवर त्याला कोणी वापरकर्ता नसतो, आणि ॲप पुरे झाले की पहिला वापरकर्ता घरातलाच निघणार असतो, कारण ऊसपट्ट्यातल्या प्रत्येक उमेदवाराच्या मनात एकच महाप्रकल्प असतो: शेतकऱ्याला आपल्या उसाची तोड केव्हा येणार हे घरबसल्या सांगणारे ॲप. कल्पना उत्तम आहे आणि तिची गरजही खरी आहे. २०२१-२२ च्या हंगामात मराठवाड्यातल्या कित्येक शेतांत मे उलटला तरी ऊस उभाच होता, तेव्हा हा प्रश्न किती घरांत किती वेळा विचारला गेला असेल याची गणती कोणी केलेली नाही.

या ॲपसाठी लागणारे ज्ञान, आश्चर्य म्हणजे, उमेदवारापाशी जन्मजात असते. आडसाली लागण जुलै-ऑगस्टमधली, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरमधली, सुरू हंगामाची त्यानंतर फेब्रुवारीपर्यंतची, आणि खोडवा म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा वाढलेले पीक. को ८६०३२ ही जात किती महिन्यांनी साखर धरते, फुले २६५ कोणत्या जमिनीत तग धरते, हे पुण्यातल्या कोणत्याही पगारी प्रोग्रामरला आठ बैठका घेऊन समजले नसते. परंतु उमेदवार या ज्ञानाला ज्ञान समजत नाही, कारण ते यूट्यूबवर शिकवलेले नसते. तो आपली सारी बुद्धी ‘स्टेट’च्या व्यवस्थेवर खर्च करतो. स्टेट म्हणजे त्या क्षणी ॲपला ठाऊक असलेली एकूण माहिती; रिॲक्टचा मूळ सिद्धान्त असा की पडद्यावरच्या चित्राला थेट हात लावू नये, स्टेट बदलावी, म्हणजे पडदा आपोआप नव्याने रंगतो. ही माहिती कोठे ठेवावी यासाठी २०१५ साली रिडक्स निघाले आणि नंतर आणखी पुष्कळ पर्याय निघाले, आणि त्यांतून निवड करण्यात उमेदवाराचे एक अख्खे गाळप निघून जाते.

वस्तुतः सगळ्या ऊसपट्ट्यांची खरी स्टेट चिटबॉयच्या डोक्यात असते. चिटबॉय हा कारखान्याच्या गट ऑफिसचा कर्मचारी. उसाची नोंद, फडाची पाहणी आणि तोडणीची चिठ्ठी ही त्याची कामे, आणि त्याला सिद्धान्त ठाऊक नसला तरी परिणाम नेमका ठाऊक असतो. आधी लागण, आधी तोड हा नियम कागदावर सरळ आहे आणि उमेदवाराने तो चार ओळींत लिहिलेलाही असतो. परंतु टोळी अचानक दुसऱ्या शिवारात उतरते, अवकाळी पावसाने गाडीवाट बंद होते, शेजारी आपल्या बांधावरून ट्रॅक्टर जाऊ देत नाही, आणि कधीकधी एक फोन येतो, ज्याची तारीख, वेळ वा कारण कोणत्याही रकान्यात बसत नाही. असे एखादे अर्धेमुर्धे ॲप प्रथमच दाखवले गेले, तर चिटबॉय ते सहानुभूतीने न्याहाळतो, हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांचे कौतुक करतो आणि शेवटी एवढेच विचारतो, “समदं बेस हाय, पण यात ‘नंतर बघू’ कुठं दाबायचं?” वेब ॲपच्या गरजा समजावून सांगणाऱ्या ग्रंथांत इतका नेमका प्रश्न क्वचितच आढळेल. दुर्दैवाने उमेदवार त्यातून आपले फ्रेमवर्क चुकले असा निष्कर्ष काढतो आणि त्याच रात्री बारानंतर नवे उतरवून घेतो.

लग्नाच्या बाजारात या वर्गाची स्थिती २०२० नंतर काहीशी सुधारली, कारण घरी बसून काम करणे ही गोष्ट प्रतिष्ठित झाली आणि घरी बसणे व घरून काम करणे यांतला फरक बाहेरून दिसत नाही. गावाच्या लेखी मात्र त्याचे काम ठरून गेलेले आहे. ॲप बांधणाऱ्याला ॲप भरता येणारच, या तर्काने पीकविम्याचा अर्ज, महाडीबीटीवरचे ठिबकाचे अनुदान, ई-पीक पाहणीचा फोटो, पीएम किसानची ई-केवायसी हे सारे त्याच्या दारी येते. २०२४ साली लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हा सर्व्हरवरची गर्दी कमी असावी म्हणून वरच्या खोलीत रात्री उशिरापर्यंत बायकांची रांग लागली, आणि ज्याला त्या काळात रिॲक्ट शिकायचे होते त्याने आयुष्यात प्रथमच एक सार्वजनिक वेब ॲप शेकडो वेळा, शेवटच्या बटणापर्यंत, वापरून पाहिले. नाव इंग्रजीत लिहायला सांगून आधार कार्डावरच्या स्पेलिंगवरून अडवणारा रकाना, मागे गेल्यावर सगळे पुसून टाकणारे पान, कागदपत्र मोठे म्हणून नाकारणारा पण किती लहान हवे ते न सांगणारा संदेश, हे दोष त्याच्याइतके बारकाईने दुसऱ्या कोणी पाहिलेले नाहीत. वेब ॲप कसे असू नये या विषयात तो आज जिल्ह्यातला अधिकारी पुरुष आहे, आणि तोडीचे ॲप कधी पुरे झालेच तर ते याच शिक्षणाच्या बळावर होईल, कोणत्या फ्रेमवर्कच्या नव्हे. तोवर त्याच्याकडे अर्ज भरायला जाणाऱ्यांनी आधारला जोडलेलाच मोबाइल सोबत न्यावा, तो चार्ज केलेला असावा, आणि ओटीपी आल्यावर तो शेजारणीला नव्हे, उमेदवाराला सांगावा.